शहाऐंशी हजार एकशे चौसष्ट सेकंद

मुकुंदबुवा निरगुडकरांचा फोन त्या संध्याकाळी एकोणिसाव्यांदा मेला. मृत्यूची वार्ता पुण्यातल्या बिघाडशोध कक्षाच्या पडद्यावर उमटली, तेव्हा ऋता माइणकरने ओठांशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. शेवटच्या ओळीत तोच आकडा होता. चालू झाल्यापासून शहाऐंशी हजार एकशे चौसष्ट सेकंदांनी फोन कोसळला होता. काल तेवढ्याच सेकंदांनी, परवाही तेवढ्याच. पहिली नोंद सोडली, तर अठराच्या अठरा नोंदींत एका सेकंदाचाही फरक नव्हता.

"गणक आहे हा, बाई," तुषार गवंडी म्हणाला. कक्षात ऋताच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तो गेली नऊ वर्षं लोकांच्या फोनांचे आजार शोधत होता. "आज्ञावलीत कुठेतरी एक मोजणारा लपलाय. या आकड्याला पोचला की लाथ मारतो."

"मग सापडत का नाही?"

"सापडेल. चाळीस लाख ओळी आहेत. बारा लाख वाचून झाल्या."

"अमावास्येच्या आत उरलेल्या होतील?"

तुषारने पुढची ओळ वाचायला घेतली.

प्रत्येक फोन आपल्या पोटात एक घडनोंद लिहीत असतो. कोणतं काम कधी सुरू झालं, कोण कोणाची वाट पाहत थांबलं, कुठे काय अडलं, सगळं. गावच्या जुन्या कोतवालाने फिरता फिरता मनाशी टिपत जावं, तसं. मात्र ही नोंद भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाही. माणसं घड्याळं मागेपुढे करतात, देश बदलतात. म्हणून घडनोंद सेकंद मोजते ते फोन जागा होऊ लागतो त्या क्षणापासून. आणि कोसळण्याच्या क्षणी आत काय झालं ते तिच्यात कधीच नसतं, कारण जो लिहितो तोच मरतो.

एरवी एका फोनच्या मरणाला एवढं कोण विचारतं? पण बुवांचा फोन म्हणजे बुवांचे कान होते. सहा वर्षांपूर्वी तापाने त्यांचं ऐकणं गेलं. मग शस्त्रक्रिया होऊन आतल्या कानात एक तंतू बसला. फोनने आवाज ऐकायचा, निवडून टिपून घ्यायचा आणि त्या तंतूकडे पाठवायचा, अशी रचना. तिचं नाव श्रवणसेतू. फोन कोसळला की पुन्हा उठायला चाळीस सेकंद लागत. तेवढा वेळ सेतू तुटलेला, माणूस ठार बहिरा.

असे सेतूवाले अकरा हजार लोक होते. त्यांचेही फोन कधीमधी कोसळत, कोणाचा दोन वर्षांतून एकदा, कोणाचा तोही नाही. कशाचा कशाला मेळ नव्हता. गेल्या महिन्यात एका बाईचा सेतू रस्ता ओलांडताना तुटला आणि ती थोडक्यात वाचली. तेव्हा श्रवणसेतूच्या नियामक मंडळाने ठरवलं, की अधिक महिन्याच्या अमावास्येपर्यंत कारण दाखवा, नाहीतर सगळे सेतू बंद करा. तरुणांना दुसरा सेतू बसवता आला असता. बुवा अडुसष्ट वर्षांचे होते. पुन्हा कवटी उघडायची नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं. सेतू बंद झाला, की त्यांचं ऐकणं कायमचं संपणार होतं.

"आपला नमुना काय म्हणतो?" ऋताने विचारलं. बुवांच्या फोनची हुबेहूब प्रतिकृती त्यांनी कक्षात बारा दिवस चालू ठेवली होती. तीच आज्ञावली, तीच घडनोंद.

"ठणठणीत आहे. आमच्या गावच्या कांबळ्यांच्या म्हशीसारखा. मरायचं नावच घेत नाही."

ऋता उठली. फोन इथे मरत नव्हता आणि तिथे मरत होता. मग जे शोधायचं ते फोनच्या आत नसेल. इतकी साधी गोष्ट सुचायला एकोणीस दिवस लागले याची तिला लाज वाटली. पण तिचा धंदाच आत बघण्याचा होता.

*

कृष्णेच्या काठी माळवंडी म्हणून गाव आहे. तिथल्या सोमेश्वराच्या सभामंडपात अधिक महिन्यात रोज साडेपाच ते साडेसात कीर्तन होतं, आणि बेचाळीस वर्षं ते मुकुंदबुवाच करतात. महिन्यातला बाविसावा दिवस होता. ऋता जाऊन खांबाला टेकून बसली.

बुवा उभे होते. अंगात पांढरा अंगरखा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. शेजारी पेटीवर त्यांची पत्नी, इंदूकाकू. बुवांचा फोन पुढ्यातल्या काळ्या शिळेवर सपाट निजवलेला. शिळेवर गंधाची चौकट काढलेली होती आणि फोन बरोबर त्या चौकटीत बसला होता. यंत्र अंगावर बाळगून देवापुढे उभं राहायचं नाही, हा बुवांचा नेम. म्हणून रोज फोनला गंध लावून ते तो त्याच जागी ठेवत.

"श्रवणभक्ती पहिली का?" बुवा सांगत होते. "नऊ भक्ती सांगितल्या, त्यांत ऐकणं पहिलं. का, तर बाकीच्या आठ माणूस एकट्याने करू शकतो. ऐकायला मात्र समोर दुसरं कोणीतरी लागतं. आता माझं ऐकणारं माणूस हे इथे पेटीवर बसलंय. बेचाळीस वर्षं ऐकून घेतंय." थोडं थांबून, "ऐकत मात्र नाही."

मंडप हसला. काकूंनी मान वर न करता पेटीवर एक बेसूर पट्टी दाबली, तेव्हा आणखी हसला.

मग बुवांनी पद उचललं. आवाज वयाने जाड झालेला, पण सुराला असा चिकटलेला, की ऋताला आपण इथे कशाला आलो याचाच विसर पडला. सहा वाजून दोन मिनिटांनी शिळेवरच्या फोनचा पडदा काळा झाला.

बुवांचं तोंड उघडंच होतं. स्वर चालू होता, पण आधी तो किंचित उतरला, मग सावरायला गेला तो भलतीकडे चढला. त्यांचे डोळे भरल्या घरातून एकाएकी माणसं नाहीशी व्हावीत तसे इकडेतिकडे फिरले. तबलजीने ठेका हलका केला. मंडपातली माणसं आपापल्या मांडीकडे बघू लागली. कोणी हसलं नाही, आणि तेच बघवत नव्हतं. चाळीस सेकंदांनी पडदा उजळला. बुवांनी घाम पुसला आणि पुढचं निरूपण सुरू केलं. काकूंनी पेटीच्या कडेला ठेवलेल्या वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

कीर्तन संपल्यावर ऋताने ती वही मागितली.

"घे की. माझं आपलं बायकी टिपण आहे," काकू म्हणाल्या. "कुठे आवाज गेला, किती वाजता, कुठल्या कडव्यात. पहिल्या दिवशी आरतीत गेला, सात पंचवीसला. मग आख्यानात शिरला. मग मध्यंतरात. आता पूर्वरंगात आलाय. असा उलट्या पावलांनी सरकतोय बघ."

"उलट्या पावलांनी?"

"रोज चार मिनिटं आधी. मी यांना म्हटलं, शेवटच्या दिवशी नमनात येईल आणि मग मंडपाबाहेर जाईल."

"आणि मी म्हटलं, मग माझाच सेतू तोडतील," बुवा म्हणाले. ते हसत होते, पण हात चिपळ्यांवरून उगाच फिरत होते. "पोरी, मला खरं सांग. बंद करणार ना?"

"कारण नाही मिळालं तर, हो."

"पहिली तीन वर्षं मी बहिराच होतो. लोक म्हणायचे, बुवा, तुम्ही आतून ऐका. आतून काय ऐकतोय डोंबल. आत मी एकटाच असतो."

ऋताने वही पुन्हा उघडली. तिच्या डोक्यात काकूंची चार मिनिटं घुमत होती. चोवीस तासांचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. त्यातून घडनोंदीचा आकडा वजा केला, तर उरतात दोनशे छत्तीस, म्हणजे तीन मिनिटं छप्पन्न सेकंद. फोन मेला की लगेच उठू लागत होता, आणि तेव्हापासून बरोबर तेवढ्याच वेळाने पुन्हा मरत होता. मधल्या दिवसभरात तो खिशात असो, उशाशी असो, त्याला काही होत नव्हतं. कुठलाही गणक नव्हता. बाहेरून कोणीतरी रोज ठरल्या वेळी येत होतं. फक्त त्याचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा रोज चार मिनिटं पुढे पळत होतं.

तिने डॉ. अस्लम मुजावरांना फोन लावला. कॉलेजात त्यांनी तिला पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहत आणि गच्चीवर दुर्बीण मांडून बसत.

"सर, एक यंत्र रोज दोनशे छत्तीस सेकंद आधी बंद पडतंय."

पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरली.

"ताई, त्या यंत्राला हात लावू नका," मुजावर म्हणाले. "आणि गावाचा अक्षांश सांगा."

*

"पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी किती वेळात मारते?" दुसऱ्या दिवशी कक्षात आल्याबरोबर मुजावरांनी तुषारला विचारलं.

"चोवीस तासांत. चौथीत आहे ते, सर."

"चौथीतलंच चुकीचं आहे. चोवीस तास सूर्याच्या हिशेबाने. पृथ्वी गिरकी घेता घेता सूर्याभोवती थोडी पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला चार मिनिटं जादा लागतात. तारे लांब आहेत. त्यांना आपल्या सरकण्याचं सोयरसुतक नाही. ताऱ्यांच्या हिशेबाने खरी फेरी भरते," त्यांनी ऋताकडे बघितलं, "शहाऐंशी हजार एकशे चौसष्ट सेकंदांत. तिला आम्ही नाक्षत्र दिवस म्हणतो. तुम्ही एकोणीस दिवस आज्ञावली वाचत बसलात, आणि तुमच्या बुवांचा फोन ताऱ्यांचं घड्याळ पाळत होता."

तुषारच्या हातातलं बिस्किट चहात विरघळलं.

"पण ताऱ्यामुळे फोन कसा मरेल?" त्याने विचारलं.

"ते मला ऋताताई सांगतील. सपाट ठेवलेल्या फोनच्या आत सरळ उभं असं काय आहे?"

ऋता थांबली. मग तिला दिसलं. "थरस्मृती," ती म्हणाली. "जागा वाचवायला स्मृतीच्या पेशी एकीवर एक रचतात, सर. तीनशे थर, इमारतीसारखे. एखादी पेशी चुकून पालटली तर शेजारच्या पेशींशी ताळा करून यंत्र ती दुरुस्त करतं. रोज शेकडो वेळा करतं. पण वरपासून खालपर्यंत अख्खा खांबच एकदम पालटला, तर ताळा करायला धड काही उरत नाही."

"आणि फोन सपाट ठेवला, की ते खांब बरोबर उभे राहतात. बुवा तो रोज एकाच शिळेवर, एकाच चौकटीत ठेवतात. बाकीचे अकरा हजार लोक खिशात, पर्समध्ये, गादीखाली. त्यांचे खांब वेडेवाकडे. कधी चुकून रेषेत आले तर कोसळतात." मुजावर खुर्चीच्या कडेवर आले. "मला असं दिसतं, की आकाशात माळवंडीच्या बरोबर माथ्यावरून जाणाऱ्या एका ठिकाणाहून काहीतरी येतंय. विद्युतभार नाही, म्हणून वाटेत वळत नाही. त्याला आपण अलिप्तकण म्हणू. हवेतून येतो, छतातून येतो, माणसातून जातो आणि कोणालाही शिवत नाही. का? कारण त्याला गर्दी दिसतच नाही, ओळ दिसते. अणू अस्ताव्यस्त असले की तो त्यांच्यातून नुसता निघून जातो. एकामागे एक अगदी सरळ रेषेत उभे असले, तरच थडकतो. बाजारातून चालताना आपण कोणाला बघतो का? पण तीनशे माणसं एका रांगेत उभी दिसली की पाय थांबतातच."

"सिद्ध कसं करायचं?" ऋता म्हणाली. "मंडळाला गोष्ट नको, नोंद हवी."

"नोंद तुमच्याकडे."

त्या रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कक्षाने एक नवी घडनोंद बनवली. मुख्य स्मृतीच्या शेजारी एक चिमुकली स्मृती आडवी बसवली. तिचे खांब निजलेले, म्हणजे जे काही येईल ते तिला ओलांडून जाईल. मरणाऱ्याच्या उशाशी बसून अखेरचा श्वास टिपणारा लेखनिकच तो. मग बावीस फोन मांडले. अकरा सपाट ठेवले. अकरांना मुजावरांनी गणिताने काढल्याप्रमाणे दक्षिणेकडे कलवलं, पावणेदोन अंशांच्या जरासं वर. पुणे माळवंडीच्या जितकं उत्तरेला, तितकंच. पुणे पश्चिमेलाही आहे, म्हणून क्षण अडीच मिनिटं उशिरा येणार होता. पाच वाजून सत्तावन्न मिनिटं अकरा सेकंद.

पाच छप्पन्नला खोलीत पंखासुद्धा बंद होता.

पाच सत्तावन्न झाले. नऊ सेकंद. दहा. अकराव्या सेकंदाला पहिल्या कललेल्या फोनचा पडदा विझला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उरलेले दहाही विझले. बोटभर अंतरावरचे सपाट ठेवलेले अकरा फोन तसेच उजळ राहिले.

तुषार नास्तिक माणूस. त्याने पायातल्या चपला काढल्या होत्या, हे त्याच्या स्वतःच्याही नंतर लक्षात आलं.

ऋताने आडवी नोंद उघडली. फोनमागे सरासरी एकशे अठ्ठ्याण्णव खांब पडले होते, वरपासून खालपर्यंत, एकही तिरका नाही.  आपण बसलोय त्या खोलीतून, आपल्या हाडांतून, हातातल्या चहातून हे रोज जात होतं. कोण जाणे किती युगं जात होतं. सरळ उभं राहून त्याच्या वाटेत येणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

*

बुवांसाठी उपाय इतका सोपा निघाला, की सांगताना ऋतालाच संकोच वाटला. फोनच्या एका कडेखाली काहीतरी सारायचं. काकूंनी तबकातली सुपारी उचलून सारली. पंचविसाव्या दिवशी पाच पन्नास आले आणि गेले, बुवा गात राहिले. सव्विसाव्या दिवशीही आवाज गेला नाही. सत्ताविसाव्या दिवशी बुवांनी निरूपणात सुपारीवरच अर्धा तास घेतला.

मंडळ मात्र हललं नाही. "कुठून येतात हे कण?" अध्यक्षबाईंनी विचारलं होतं. मुजावरांनी जागा दाखवली. आकाशात अभिजित आणि श्रवण या दोन ठळक ताऱ्यांच्या मधोमध. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि तिथे काही नव्हतं. या वर्षावाला पुरेल असं काहीच नाही. नुसता काळोख आणि चिल्लर तारे.

"रिकाम्या जागेतून येणारं कारण मी मान्य करू शकत नाही," बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्याच मुलाच्या कानात सेतू होता. "उद्या ते दुसऱ्या दिशेने आलं तर? काय आहे ते माहीत नसताना अकरा हजार माणसांना रस्त्यावर कशी सोडू? अमावास्येला दुपारी चारची बैठक आहे. तोवर उगम दाखवा."

अमावास्या उजाडली. ऋता सकाळीच माळवंडीला आली. सेतू बंद करण्याची आज्ञा निघाली, तर ती बुवांच्या फोनवर कोणा परक्याने नव्हे, आपण स्वतः बजावावी, एवढंच तिने ठरवलं होतं. चार वाजून गेले, पाच वाजले, बैठक चालूच होती. मंडपात सतरंज्या पडल्या. बुवांनी अंगरखा घातला आणि तिच्याजवळ येऊन बसले.

"कीर्तन पूर्ण होऊ देशील ना?"

"हो, बुवा. काही झालं तरी."

पाच वाजून वीस मिनिटांनी मुजावरांचा फोन आला. 

"ऋताताई, सेतू वाचला. मंडळाने आत्ता मान्य केलं. तुमची दुरुस्ती उद्या सगळ्या फोनांत जाईल. पण आधी ऐका, मी गाढव आहे."

"सर?"

"मला वाटलं, ते ठिकाण क्षितिजाखाली गेलं की पृथ्वी आड येईल आणि कण थांबतील. ते दाखवलं असतं, तर निदान दिशा तरी पक्की झाली असती. म्हणून गेल्या तीन पहाटे मी गच्चीवर फोन त्याच दिशेला लावले, म्हणजे जमिनीकडे तोंड करून. शून्य येणार अशी खात्री होती. किती खांब पडले असतील?"

"किती?"

"दोनशे अकरा. तिन्ही पहाटे."

ऋताने मनात आकडे शेजारी ठेवले. संध्याकाळी ते ठिकाण डोक्यावर, मध्ये नुसती हवा, तेव्हा एकशे अठ्ठ्याण्णव. पहाटे ते ठिकाण पायाखाली, मध्ये अख्खी पृथ्वी, तेव्हा दोनशे अकरा. जास्त.

"उलटं आहे," ती हळू म्हणाली.

"उलटंच. मीच तुम्हाला शिकवलं ना, त्याला गर्दी दिसत नाही म्हणून? पृथ्वी म्हणजे दुसरं काय आहे? नुसती दगडामातीची गर्दी. क्वचित एखादा स्फटिक ओळीत सापडतो, तेवढे तेरा खांबांपुरते कण गळतात. बाकीचे आरपार. आणि रेषेला दोन टोकं असतात, ताई. आपण सगळे वरचंच टोक बघत बसलो. आज पहाटे फोनचं तोंड जमिनीकडे करून मी सहज मान वर केली, फोनची पाठ कुठे आहे ते बघायला. तिथे व्याध होता. आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. फोनच्या पाठीच्या बरोब्बर रेषेत, केसभर इकडे नाही की तिकडे नाही."

ऋताने डोळे मिटले. माळवंडीत रोज संध्याकाळी त्या ठरल्या क्षणाला व्याध शिळेच्या बरोबर खाली असे. पलीकडच्या गोलार्धातल्या कुठल्याशा समुद्रावर तो माथ्यावर आलेला असे. तिथून त्या पाण्यात, तळाच्या खडकात, पृथ्वीच्या वितळलेल्या गाभ्यात, पुन्हा वरच्या खडकात, कृष्णेच्या काळ्या मातीत आणि मंडपाच्या पायात. कुठेही न थांबता ते वर येत होतं. बारा हजार सातशे किलोमीटरच्या वाटेवर तीनशे जण एका ओळीत उभे असलेली एकच जागा त्याला भेटत होती.

तिने बुवांना सांगितलं. आधी सेतू राहणार ते. बुवांनी डोळे मिटून दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि थोडा वेळ काढलेच नाहीत. काकू पेटीचा भाता उगाच साफ करत राहिल्या. मग ऋताने व्याधाचं सांगितलं.

"खालून?" बुवा म्हणाले.

"खालून. सगळी पृथ्वी ओलांडून."

"आणि उद्या तू दुरुस्ती केलीस, की?"

"स्मृतीतली अक्षरं एका खांबात न ठेवता तिरकी साठवायची. मग खांब पडला तरी प्रत्येक अक्षराचा एकच तुकडा बिघडेल, आणि ताळा करून तो जागच्या जागी सुधारेल. फोनला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे ते येत राहणार, पण आपल्याला पत्ता लागणार नाही."

"मोजणारी यंत्रं राहतील, बुवा. शास्त्रज्ञ मोजतील."

"ते मोजतील." बुवा उठले. "आज किती वाजता?"

"पाच पस्तीसला. नमनात."

साडेपाचला घंटा झाली. बुवा जागेवर उभे राहिले, वाकले, आणि फोनखालची सुपारी काढून त्यांनी तबकात ठेवली. फोन चौकटीत सपाट बसला.

"अहो," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "आवाज जाईल."

"ठाऊक आहे. चाळीस सेकंद."

"सूर सुटेल, मंडळी बसलीत."

"सुटला तर तू आहेस ना पेटीवर. दाब एखादी पट्टी."

नमन सुरू झालं. मंडप हात जोडून गाभाऱ्याकडे बघत होता. ऋताची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. पाच चौतीस. बुवांनी आलाप घेतला आणि गाता गाताच गुडघे टेकले. पस्तीसला ते ओणवे झाले आणि त्यांचं कपाळ फोनशेजारी शिळेला लागलं. लोकांना वाटलं, नमस्कार घालताहेत. पडदा काळा झाला.

आवाज थांबला नव्हता. दगडावरून येत असल्यामुळे तो बारीक वाटत होता, पण येत होता. बुवांना ना पेटी ऐकू येत होती, ना तबला, ना स्वतःचा गळा. इतके दिवस हा क्षण दरोडेखोरासारखा अंगावर आला होता. आज तो कोण, कुठून आणि कोणत्या सेकंदाला येणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे खांदे सैल होते. गळ्यातली शीर ताठलेली नव्हती.

काकूंनी पेटीवरची बोटं उचलली. तबलजीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि तोही थांबला. तीनशे माणसांच्या मंडपात आता फक्त शिळेशी वाकलेल्या माणसाचा एक स्वर होता. आपण एकटेच गातो आहोत, हे त्याला माहीत नव्हतं. ऋताने अभावितपणे तळवे फरशीवर टेकले. फरशी गार होती. तिला काहीही जाणवलं नाही, आणि तरी तिने हात उचलले नाहीत.

अडतीस सेकंद. एकोणचाळीस. पडदा उजळला.

काकूंनी पट्टी दाबली. पेटीचा स्वर बुवांच्या स्वरावर पडला, आणि दोघांमध्ये बोटभरही जागा नव्हती.